भीमेत सोडलेल्या फळ्या : प्रकल्प नोंदी

९ ऑक्टोबर

पाऊस सरला. बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायची काढती-घालती दारं, बसायला लागलेत, म्हणजे नदी आता अडून उभी राहणार. आमच्या कामाला हाच हंगाम. भीमेच्या पाण्यातले बिनकण्याचे जीव, म्हणजे अळ्या, गोगलगाई, शिंपले, जळवा, कृमी, गोळा करायचे आणि त्यावरून पाण्याची प्रत ठरवायची.

ओढ्यात हे काम सोपं असतं. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, जाळी खालच्या अंगाला धरायची आणि वरचे दगड पायाने ढवळायचे. सुटलेले जीव आपोआप जाळीत येतात. भीमेत ही रीत चालत नाही. माचणूरच्या घाटाखाली दोन पावलं टाकली की पाणी छातीला लागतं. त्यात वाळू उपसून पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. विद्यार्थ्यांना तिथे उतरवायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं.

म्हणून आज होडीतून एकमन ग्रॅब टाकून पाहिला. दोन जबड्यांचा हा डबा तळाला टेकला की दोरीवरून एक वजन सोडायचं, त्या धक्क्याने जबडे मिटतात आणि तळाचा गाळ आत येतो. तीनदा टाकला. दोनदा जबड्यात खडा अडकला आणि वर येईतो सगळा गाळ धुऊन गेला. तिसऱ्यांदा काळाकुट्ट चिखल आला, सडक्या अंड्याचा वास आणि त्यात लाल कृमींचं वळवळतं जाळं. म्हणजे तळाशी ऑक्सिजन जवळजवळ नाही. पण हा खड्ड्याचा तळ आहे. एका खड्ड्यावरून अख्ख्या नदीबद्दल बोलता येणार नाही.

१७ ऑक्टोबर

फळ्या तयार झाल्या. तळ उपसण्याऐवजी पाण्यात फळ्या टांगायच्या आणि त्यांवर वस्तीला येणारे जीव मोजायचे, ही पद्धत हेस्टर आणि डेंडी या दोघांनी १९६२ साली मांडली. हार्डबोर्डच्या तीन इंची चौकोनी आठ चकत्या, मधे एक इंची सात चकत्या, आणि सगळ्या एका आय बोल्टात ओवायच्या. मोठ्या चकत्यांमधे ज्या फटी राहतात, त्यात जीव येऊन वस्ती करतात. तळ वाळूचा असो, चिखलाचा असो की खडकाचा, नदीत सगळीकडे आपण एकच घर टांगतो. त्यामुळे दोन ठिकाणांची तुलना करता येते. मोठ्या नदीसाठी मला हाच मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो.

हार्डबोर्ड वखारीतून आणला. साधा बोर्ड पाण्यात फुगतो, हे घरच्या बादलीत तीन दिवस बुडवून पाहिलं होतं, म्हणून तेल दिलेला टणक बोर्ड मागितला. वखारवाल्यांनी चकत्या कापून दिल्या आणि कशासाठी हव्यात ते विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, "मग कडा घासून घ्या मॅडम, नाहीतर पापुद्रे सुटतील." घासल्या. वायसर पितळी न घेता स्टीलचे घेतले, कारण तांबं पाण्यातल्या बारीक जिवांना विष ठरतं आणि पितळेत तांबं असतं.

एकूण वीस संच झाले. तीन ठिकाणी पाच-पाच सोडायचे, पाच शिल्लक ठेवायचे.

२४ ऑक्टोबर

आज सोडले. ठिकाणं अशी.

पहिलं, पंढरपूरच्या वर गुरसाळे बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथे सांडलेलं पाणी अजून वाहतं असतं. दुसरं, माचणूर, सिद्धेश्वराच्या देवळापासून थोडं पुढे, जिथे पाणी साचून संथ झालेलं असतं. तिसरं, हत्तरसंग कुडल, सीना भीमेला मिळते त्याच्या खाली. सोलापूर शहराचे नाले शेवटी सीनेकडेच उतरतात, तेव्हा हे ठिकाण घेणं भाग होतं. तिथे संगमेश्वराच्या देवळातला शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा मराठी शिलालेख मुलांना दाखवला. जो वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. धाकट्या विद्यार्थिनीने ती बोटाने न शिवता, हवेत गिरवत वाचली.

माचणूरला ज्यांच्या होडीतून गेलो त्या तात्यांचा जन्म नदीवर गेलाय. मासे धरणं हाच धंदा. त्यांना संच दाखवल्यावर त्यांनी फटींतून बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हे पाण्यावर तरंगतं ठेवा मॅडम. डबा बांधा वर, दगड बांधा खाली. पाणी चढलं-उतरलं तर त्याच्याबरोबर हे बी चढंल-उतरंल."

गुरसाळे आणि कुडलला तसंच केलं. वीस लिटरचा रिकामा कॅन वर, खाली दगड, दोरीला भरपूर ढील, आणि संच पाण्याच्या पृष्ठापासून चार फूट खाली. माचणूरला मात्र काठावर वर्दळ जास्त आहे, कॅन कुणी सोडून नेईल अशी मला भीती वाटली. म्हणून तिथले पाचही संच पाण्यावर झुकलेल्या करंजाच्या फांदीला बांधले. तात्या काही बोलले नाहीत.

सहा आठवडे ठेवायचे. ५ डिसेंबरला काढायचे.

१४ नोव्हेंबर

कार्तिकी नुकतीच झाली. गुरसाळ्याला फेरी मारली. एक कॅन गायब, चार जागेवर. दोरीला जलपर्णीचा मोठा पुंजका अडकला होता, तो सोडवला. बाकी ठीक.

२८ नोव्हेंबर

सकाळी सात वाजता तात्यांचा फोन. "मॅडम, पाणी उतरलं की ओ. तुमच्या त्या फळ्या वाळत घातल्यागत लटकायल्यात."

दुपारी पोचलो. खालच्या गावांना पाणी द्यायला बंधाऱ्याचे काही बर्गे काढले होते आणि पातळी चार-साडेचार फुटांनी खाली गेली होती. करंजाच्या फांदीवर पाचही संच हवेत. काठावर ओलीची रेघ, तिच्याखाली भेगाळायला लागलेला चिखल.

एक संच मांडीवर घेऊन उघडला. चकत्यांवर गाळाच्या बारीक नळ्या होत्या, कायरोनोमिड (डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्यांच्या) अळ्या लाळेने माती चिकटवून त्या बांधतात. नळ्या वाळून पांढऱ्या पडल्या होत्या आणि टाचणीने उकलल्या तर आत अळ्या तांबड्या दोऱ्यासारख्या सुकलेल्या. मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या नाजूक माशीची दोन पिल्लं तीन शेपट्या पसरून बोर्डाला चिकटून मेलेली. जिवंत होत्या फक्त बेल्लामिया जातीच्या चार गोगलगाई. त्यांच्या शंखाला दार असतं. पाणी गेलं तसं त्यांनी दार ओढून घेतलं. त्यातली एक पाण्याच्या बशीत ठेवली, तर बराच वेळ काही नाही. मग दार केसभर उघडलं, एक शिंग बाहेर आलं, परत आत गेलं, आणि मग ती चालायला लागली.

पाच आठवड्यांचं काम गेलं आणि चूक माझीच आहे. ही नदी उजनी धरणाच्या आवर्तनावर, म्हणजे तिथून पाळीने सुटणाऱ्या पाण्यावर, आणि बंधाऱ्याच्या बर्ग्यांवर चालते, तिची पातळी माणसं ठरवतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तात्यांना अंगाने माहीत होतं, आणि त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं नाही. आज त्यांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "पुढच्या टायमाला ऐका मग."

५ डिसेंबर

गुरसाळे आणि कुडलचे संच काढले.

गुरसाळ्याचा पहिला संच मोठ्या विद्यार्थ्याने दोरीने सरळ वर ओढला. पृष्ठाशी येताच फटीतून सात-आठ बेटिड (मेफ्लायचं एक कुळ) पिल्लं माशासारखी निसटून गेली, आम्ही पाहत राहिलो. ही पिल्लं उत्तम पोहतात, धक्का लागला की घर सोडतात. नेमके तेच जीव निसटले तर पाणी आहे त्यापेक्षा वाईट दिसतं. म्हणून पुढच्या प्रत्येक संचाला आधी पाण्याखालीच अर्धा मिलिमीटर छिद्राच्या जाळीची पिशवी खालून चढवली, तोंड आवळलं आणि मग वर घेतला. पहिला संच हिशेबात धरायचा नाही, असं वहीत लाल शाईने लिहिलं.

काठावर पांढऱ्या ट्रेमधे बोल्ट सोडून एकेक चकती मऊ टूथब्रशने घासली. गुरसाळ्याच्या चकत्यांच्या कडेला हायड्रोप्सायकी या कॅडिसफ्लायच्या, म्हणजे पतंगासारख्या दिसणाऱ्या एका कीटकाच्या, अळ्या होत्या. या अळ्या प्रवाहाच्या तोंडाशी रेशमाचं जाळं विणतात आणि वाहत येणारं अन्न त्यात धरतात. भिंगाखाली ते जाळं इतकं नीट दिसत होतं की धाकटी म्हणाली, "मॅडम, हे तर मागावर विणल्यासारखं आहे, उभा-आडवा धागा मोजता येतो." तिचे आजोबा यंत्रमागावर होते.

कुडलच्या ट्रेमधे रंगच निराळा. लाल अळ्या, लाल कृमी, त्यांच्यात फायसा गोगलगाई. या कायरोनोमस अळ्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि जिथे ऑक्सिजन संपत आलेला असतो तिथेही तग धरतात. मेफ्लायपैकी फक्त थोडी बेटिड. प्लेकोप्टेरा, म्हणजे स्टोनफ्लाय, दोन्हीकडे नाहीत, पण त्यावरून काही काढायचं नाही. त्यांना थंड, खळाळतं पाणी लागतं, पठारावरच्या या संथ नदीत त्यांची अपेक्षाच नव्हती. परदेशी तक्ता तसाच्या तसा लावला तर आपली नदी जन्मतःच नापास होते.

सगळं अल्कोहोलमधे घालून कॉलेजात आणलं. प्रत्येक बरणीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, कारण पेनची शाई अल्कोहोलमधे विरघळते.

७ डिसेंबर

मोजणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डच तज्ज्ञांबरोबरच्या प्रकल्पातून नदीच्या जैविक तपासणीची जी पद्धत बसवली, ती आम्ही वापरतोय. तिच्यात दोन आकडे काढतात.

एक, सॅप्रोबिक गुण. प्रत्येक कुळाला त्याच्या सहनशक्तीप्रमाणे १ ते १० गुण असतात. घाण सोसणाऱ्या कृमींना १, कायरोनोमिडना २, बेटिडना ४, हायड्रोप्सायकिडना ५, सिनिड मेफ्लायना ७. सापडलेल्या कुळांच्या गुणांची सरासरी घ्यायची.

दुसरा, विविधता. हा काढताना मुलांना मजा आली. ट्रेमधले जीव ओळीने उचलायचे. आत्ताचा जीव मागच्यासारखाच असेल तर "तोच", वेगळा असेल तर "दुसरा". जितक्या वेळा "दुसरा" आला तितक्या नव्या मालिका, आणि मालिकांना एकूण जिवांनी भागायचं. जातीचं नाव माहीत नसलं तरी चालतं, डोळा हवा. एक उचलतो, एक सांगतो, एक लिहितो. गुरसाळ्याचे शंभर जीव उचलले, ५७ मालिका, म्हणजे ०.५७. कुडलच्या शंभरांत ३४. तिथे "तोच, तोच, तोच" म्हणताना मोठ्या विद्यार्थ्याचा आवाज उतरत गेला.

गुरसाळे: बेटिड, सिनिड, हायड्रोप्सायकिड, विविपॅरिड गोगलगाई (६) आणि कायरोनोमिड. सरासरी ४.८. वर्ग क, मध्यम प्रदूषण.
कुडल: कृमी, कायरोनोमिड, फायसिड (३), बेटिड. सरासरी २.५. वर्ग ड, जास्त प्रदूषण.

१२ डिसेंबर

दुसरी फेरी सोडली. तिन्ही ठिकाणी तरंगते संच. माचणूरचे तात्यांनी स्वतः बांधले, आणि कॅनऐवजी गवताच्या रंगाचे छोटे डबे लावले, लांबून दिसत नाहीत असे. काढायचा दिवस २३ जानेवारी.

सोबत बाटलीतलं पाणीही घेतलं. माचणूरला सकाळी अकराला विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ७.८ मिलिग्रॅम. आंघोळीच्या पाण्याला ५ पुरतो. मोठा विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, पाणी तर चांगलंय." पण पाणी हिरवट आहे आणि काठाला शेवाळाची साय आहे. मला हा आकडा पटत नाही.

२८ डिसेंबर

काल संध्याकाळी माचणूरला मुक्काम. दुपारी तीनला ऑक्सिजन मोजला: ९.६. रात्री तात्यांच्या घरी भाकरी, शेंगाची चटणी, पातळ पिठलं. पहाटे साडेपाचला होडीत. थंडी इतकी की विंकलरच्या, म्हणजे ऑक्सिजन मोजायच्या, बाटलीचं बूच लावताना बोटं वळत नव्हती. पाण्यावर वाफ होती. बाटलीत आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड. ऑक्सिजन भरपूर असला की साका तपकिरी पडतो. दुपारच्या बाटलीत तो गडद तपकिरी होता. पहाटेच्या बाटलीत फिकट, जवळजवळ पांढरा. टायट्रेशन केलं: २.९.

शेवाळं उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच ऑक्सिजन स्वतः ओढतं, तळाशी कुजणारा गाळही ओढतो. पाणी वाहत नसलं की हवेतून भर पडायला वेळ लागतो. आपण न्याहारी करून अकराला नदीवर येतो तोवर नदी सावरलेली असते. पहाटे साडेपाचला तिथे कोण असतं? ते जीवच. ज्या मेफ्लायला ४ खाली जगता येत नाही, तिला एक पहाट पुरते. पुढे सहा आठवडे दुपारी कितीही ऑक्सिजन असला तरी ती फळीवर दिसत नाही. ही गोष्ट मुलांना शब्दांत किती वेळा सांगितली असेल. आज त्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या आणि कुणी काही विचारलं नाही.

तात्यांनी दोन्ही बाटल्या हातात घेऊन पाहिल्या. म्हणाले, "म्हणून पहाटं मासा वर येऊन तोंड मारतो. आमाला वाटायचं थंडीनं." मग बराच वेळ माशांबद्दल बोलले. त्यांच्या लहानपणी जाळ्यात येणारे चार-पाच प्रकार आता दिसत नाहीत, चिलापी तेवढी भरपूर. हे मी वेगळ्या वहीत त्यांच्या शब्दांत लिहून घेतलंय. मोजमाप नाही, पण चाळीस वर्षं रोज नदीवर असलेल्या माणसाची साक्ष आहे, आणि तिला जागा हवी.

१६ जानेवारी

सोलापूरची गड्ड्याची यात्रा चालू, निम्मी मुलं गैरहजर. कुडलला आम्ही दोघीच गेलो. पाचही डबे जागेवर. परतताना हुरडा मिळाला.

२३ जानेवारी

तिन्ही ठिकाणचे पंधरापैकी चौदा संच हाती आले. मधे माचणूरला पाणी परत दोनदा उतरलं-चढलं होतं, पण संच त्याच्याबरोबर उतरले-चढले, एकही उघडा पडला नाही. पिशवी चढवायचं काम आता मुलं न सांगता करतात.

३० जानेवारी

मोजणी पुरी झाली. गुरसाळे आणि कुडल पहिल्या फेरीच्या जवळपास. माचणूरला कृमी, कायरोनोमिड, लिम्नेइड गोगलगाई, बेटिड, विविपॅरिड: सरासरी ३.२, विविधता ०.३८. मंडळाच्या तक्त्यात क आणि ड या वर्गांच्या हद्दी एकमेकांत शिरतात आणि माचणूर नेमकं त्या पट्ट्यात बसतं. मुलांना एकच अक्षर हवं होतं. मी दोन्ही लिहायला लावली.

मग धाकटीने जो प्रश्न विचारला तो मला आधी सुचायला हवा होता. "मॅडम, गुरसाळ्याला पाणी वाहतं. माचणूर आणि कुडलला थांबलेलं आहे. कॅडिसफ्लायच्या जाळ्याला प्रवाहच लागतो, मग ती तिथे नाही यात घाणीचा दोष किती आणि बंधाऱ्याचा किती?"

खरं आहे. आमची सगळी तुलना एका जागी लंगडी आहे. तळाचा फरक काढायला आम्ही सारख्या फळ्या टांगल्या, आणि प्रवाहाचा फरक तसाच राहू दिला. कुडलच्या लाल अळ्यांबद्दल मला शंका नाही, तिथे फायसा आणि कृमी ज्या संख्येने आहेत ती नुसत्या संथपणाची खूण नव्हे. पण माचणूरबद्दल आत्ता ठामपणे बोलणं चूक होईल. हा अहवाल या महिन्यात कुणाला पाठवायचा नाही असं ठरवलं.

तिसऱ्या फेरीत सहा जागा घ्यायच्या. प्रत्येक ठिकाणी एक बंधाऱ्याच्या वर साचलेल्या पाण्यात आणि एक खाली वाहत्या पाण्यात. प्रवाहाचा वेग मोजायला दहा मीटरची दोरी आणि संत्रं पुरेल, कारण संत्रं पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं आणि त्याला वारा लागत नाही. पहाटेचा ऑक्सिजन सहाही जागी. तात्यांना फोन केला, तर त्यांनी विचारलं की उन्हाळी आवर्तन कधी सुटणार ते पाटबंधारे खात्यात आधी विचारलंत का. विचारलं नव्हतं. उद्या सकाळी जाते.

हार्डबोर्ड अजून दोन पत्रे लागेल.